मोगलाईत दिलेली लेक

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या माहेरच्या घराण्याचं कुलसंमेलन सोलापुरात भरलं. जुळे सोलापुरातलं मंगल कार्यालय, तीनशेच्या आसपास माणसं, दारात गुलाबपाणी, छातीवर लावायला नावाचे बिल्ले. पुण्याहून एक अख्खी बस आली होती. मंचाशेजारी वीस फूट लांबीचा फ्लेक्स होता: वडाचं झाड, बुंध्यात मूळपुरुषाचं नाव आणि फांद्यांवर सात पिढ्या. माझ्या चुलतभावानं दोन वर्षं खपून ती वंशावळ जुळवली होती. तलाठ्याकडचे जुने फेरफार, शाळेतली जनरल रजिस्टरं, पंढरपूरच्या उपाध्यांच्या वहीतलं आमच्या घराण्याचं पान, सगळं त्यानं पालथं घातलं होतं. त्याच्या कष्टाबद्दल मला आजही आदर आहे, हे आधीच सांगते.

आत्या तेव्हा 84 वर्षांची. खुर्चीत बसवून तिला फ्लेक्सजवळ नेलं, तर ती हात टेकून उठून उभी राहिली. चौथीपर्यंत शिकलेली आहे, वाचता येतं. उजव्या हाताचं बोट फांदीवर ठेवून पुटपुटत पुढं नेलं. "हे तात्या. हा आप्पा. हा दादा." मग बोट मागं आलं. आप्पा आणि दादाच्या मधे एक हिरवं पान छापलेलं होतं. त्या पानावर बोट टेकवून ती मला म्हणाली, "ह्या दोघांच्या मधली मी. माझं कुठाय गं?"

"आत्या, ह्यात लेकींची नावं घेतली नाहीत."

"हां," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग तुझंबी नसंल."

माझंही नव्हतं.

कुलसंमेलनं भरावीत, अशा मताची मी आहे. त्यावर पैसा उधळला जातो, हौसेचा मामला आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तसं वाटत नाही. माणसं एकमेकांना विसरत चालली आहेत आणि विसरू नये म्हणून कुणी धडपडत असेल तर त्याला हात द्यावा. पण आज महाराष्ट्रात ही संमेलनं ज्या पद्धतीनं भरतात, ती पद्धत मुळातून बदलायला हवी, हे मला त्या दिवसापासून पटलेलं आहे. संमेलन आडनावाचं भरतं. आडनाव मुलग्याकडून मुलग्याकडे जातं. म्हणजे घरात जन्मलेल्या निम्म्या माणसांना वगळूनच बोलावण्यांची यादी सुरू होते. लेकी येतात, त्यांना साडी-चोळी होते, जेवायला पंगतीत बसतात. पण त्या पाहुण्या म्हणून येतात. ज्या झाडाखाली फोटो काढायचा त्या झाडावर त्या नसतात.

आमच्या लहानपणी संमेलन मुद्दाम भरवायची वेळच येत नसे. गड्ड्याची जत्रा आली की घर माणसांनी भरायचं. संक्रांतीच्या सुमाराला अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या गावाहून मंडळी उतरायची, सात नंदीध्वजांची मिरवणूक बघायची, संमती कट्ट्यावर अक्षता टाकून घरी यायची. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं आणि अख्खं शहर वऱ्हाडी होतं, हे आम्हाला आजीनं सांगितलेलं. रात्री दोन-तीन मोठ्या चादरी अंथरून आम्ही पंधरा-वीस पोरं ओळीनं झोपायचो. कोण चुलत, कोण आते, कोण मामे हे सकाळी हाका मारताना कळायचं. बोलावणं कुणी कुणाला पाठवत नव्हतं, आणि त्यात आत्यांची पोरं सगळ्यांत जास्त असायची, कारण माहेरी यायला आत्यांना जत्रेसारखं निमित्त दुसरं नव्हतं.

घराणं सोलापुरात आलं ते गिरण्यांमुळे. इथली पहिली कापडगिरणी, आपण जिला जुनी मिल म्हणतो ती, 1877 साली सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. आजोबांचे दोन भाऊ गिरणीत लागले आणि गावाकडच्यांना शहरात उतरायला घर झालं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तसं ते घरही रिकामं होत गेलं. पुढची पिढी पुण्याला गेली, त्यातली काही पुढं परदेशी. आज सोलापुरातल्या कितीतरी घरांत दोनच म्हातारी माणसं आहेत आणि मोबाइलवर नातवंडं दिसतात. संमेलनाची ओढ इथून येते. ती खरी आहे.

पण भावकी एकत्र येण्याची निमित्तं मात्र आता फार थोडी राहिलीत: दहावा-तेरावा, जमिनीची वाटणी आणि जातीचा दाखला. यातल्या दाखल्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण वंशावळ हा शब्द घराघरात आला तो त्यामुळेच. जात पडताळणीला अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. पणजोबांच्या नोंदीपासून आपल्यापर्यंत साखळी जोडून दाखवावी लागते, वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम हलकं होतं. 2023 च्या सप्टेंबरात कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि गाव नमुना 14 म्हणजे काय, कोतवाल बुक कुठं मिळतं, मोडी कोण वाचतं, हे कधी न विचारणारी माणसं विचारू लागली. वर्षानुवर्षं बोलणं नसलेले चुलते वंशावळीच्या शपथपत्रासाठी एका बाकावर येऊन बसले. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला ते चांगलंच वाटलं.

या कागदाची एक गरज आहे, आणि ती गरज वडिलांच्या बाजूनं वर चढते. कायद्याची ती रीत आहे, तिच्याशी आत्ता माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच, की कार्यालयाला लागणारी वंशावळ वेगळी आणि घराला लागणारी वेगळी. माझ्या भावानं कार्यालयासाठी तयार केलेली वंशावळच मोठी करून फ्लेक्सवर छापली. वडाचं झाड घातलं, पण आत होता तो शपथपत्राचाच मजकूर. बहुतेक घराण्यांत हेच होतं. आयती मिळते म्हणून ती वंशावळ वापरली जाते, आणि बघता बघता तीच घराण्याचा इतिहास होऊन बसते.

जरा हिशोब करून बघू. मला आई-वडील दोन. आजी-आजोबा दोन्हीकडचे मिळून चार. त्यांच्या वर आठ, त्यांच्या वर सोळा, त्यांच्या वर बत्तीस. पाच पिढ्या वर गेलं की माझे थेट पूर्वज झाले 62. फ्लेक्सवरच्या वंशावळीत त्यातले किती? पाच. वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील, असे वर वर पाच पुरुष. उरलेल्या 57 जणांनीही मला तेवढंच घडवलंय. त्यातल्या 31 बाया आहेत, आणि 26 असे पुरुष आहेत, जे केवळ आईच्या किंवा आजीच्या बाजूचे म्हणून गळाले. 'आमचा वंश' असं छाती पुढे काढून म्हणताना आपण 62 पैकी पाचांबद्दल बोलत असतो. मूळपुरुष कोण, याचा आपण शोध लावतो; मूळपुरुषाची बायको कुठली, हे आमच्या त्या संमेलनात एकानंही विचारलं नाही.

यावर हटकून येणारं उत्तर म्हणजे, लेक दिल्या घरची, तिची नोंद तिच्या सासरच्या वंशावळीत असेल. मी शोधलं. आत्याच्या सासरकडेही अशीच एक वंशावळ आहे. तिच्यात तिच्या नवऱ्याचं नाव आहे, मुलांची नावं आहेत. आत्या तिथंही नाही, कारण ती सून, म्हणजे दुसऱ्या घराण्याची. दोन घराणी एका बाईला एकमेकांच्या अंगणात ढकलतात आणि ती कुठंच उरत नाही.

शिवाय आपल्या या भागात लेक परकी हे म्हणणं टिकतच नाही. मराठी मुलखातली नात्यांची वीण उत्तर आणि दक्षिण यांच्या मधली आहे, हे इरावती कर्वे यांनी फार पूर्वी दाखवून दिलं. सोलापूर तर दक्षिणेच्या उंबऱ्यावरच. आमच्याकडे आते-मामे भावंडांत लग्न रूढ आहे, शेजारच्या कन्नड-तेलुगू घरांत सख्ख्या मामाशीही होतं. आमची मोठी वहिनी आत्याचीच मुलगी. म्हणजे फ्लेक्सवर सातव्या पिढीत जी दोन नावं ठसठशीत छापली होती, ती आत्याच्या नातवांची. आजोबांकडून आलेलं रक्त तिच्यातून फिरून परत त्याच झाडावर आलं, आणि तिच्या जागी मात्र हिरवं पान. कायदासुद्धा या बाबतीत आपल्याहून नेटका आहे: 1955 चा हिंदू विवाह कायदा सपिंड, म्हणजे लग्नाला वर्ज्य असलेलं जवळचं नातं ठरवताना वडिलांकडून पाच पिढ्या मोजतो, पण आईकडूनही तीन मोजतो. आईकडच्या तीन पिढ्यांची नावं सांगता येतील अशी किती घरं आपल्या ओळखीत आहेत? दवाखान्यातही हेच. घराण्यात कुणाला साखर, कुणाला कॅन्सर, कुणाचं मूल लहानपणी गेलं, असं डॉक्टर विचारतात तेव्हा त्यांना दोन्ही बाजू हव्या असतात, आणि आपण एकीबद्दल गप्प बसतो.

राज्य सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचा नियम केला. कागद पुढं गेला. घरातला फ्लेक्स अजून मागं आहे.

संमेलनानंतर मी वही घेऊन आत्याकडे बसू लागले. विजापूर रोडला नातवाकडे असते. दुपारी जेवणं झाली की ती पलंगावर मांडी घालून बसायची, मी खाली चटईवर. सुरुवातीला मी भावासारखंच विचारत होते: यांना मुली किती, नावं काय? तिला सांगता येईना. मग माझ्या लक्षात आलं की माझा प्रश्नच चुकतोय. मी विचारलं, "तुमच्या घरातल्या लेकी कुठं कुठं दिल्या?" आणि तिचा बांध फुटला. तडवळची, वागदरीची, मैंदर्गीची दोघी, दुधनीची धाकटी, चपळगावची जी पहिल्या बाळंतपणात गेली. नावानं नव्हे, दिल्या गावानं तिला सगळ्या पाठ होत्या. कुणाच्या लग्नात पाऊस झाला, कुणाला माहेरहून कुठली म्हैस दिली, कुणाला दिवाळीला कुणी न्यायला गेलं नाही. तीन दुपारींत 41 लेकी लिहून झाल्या. माझ्या भावाला दोन वर्षांत एवढी पुरुषांची नावं मिळाली नव्हती, आणि एवढी माहिती तर एकाचीही नव्हती.

नावं न आठवण्याचं कारणही तिनंच सांगितलं. लग्नात नाव बदलायचे. तिचं स्वतःचं आधार कार्डावरचं नाव सासरचं. माहेरचं नाव वेगळं होतं. त्या नावानं हाक मारणारा शेवटचा माणूस म्हणजे दादा, तो जाऊन नऊ वर्षं झाली. तिनं ते नाव मला सांगितलं तेव्हा थोडी लाजली. मी ते वहीत लिहिलं, ती म्हणाली, "दाव बरं," आणि वही जवळ घेऊन बराच वेळ बघत बसली.

नाती जपायचं काम बायकांनी केलं, हे बोलण्यापुरतं सगळेच मान्य करतात. पण त्याचा पुरावा आपल्याकडे ढीगभर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत भाऊ पावलोपावली येतो. भाऊ न्यायला आला, भावाचा बैल, भावाची वाट, भावाचं शेत. पहाटे उठून दळता दळता बहीण भावाचं नाव घेत आली, पिढ्यान् पिढ्या. आणि त्या भावानं वंशावळ लिहायला घेतली तेव्हा बहिणीला पानसुद्धा कोरं सोडलं.

आता मोगलाईतल्या लेकीकडे येते.

आमचं गाव अक्कलकोट संस्थानात होतं. पूर्वेला सीमा ओलांडली की निजामाचं राज्य, म्हणजे जुन्या माणसांच्या बोलण्यातली मोगलाई. सोयरिकी त्या सीमेला जुमानत नव्हत्या. आत्याची एक आत्या, साधारण 1912 च्या आगेमागे, अफजलपूरकडे दिली होती. 'मोगलाईतली आक्का' एवढीच तिची आमच्या घरातली ओळख. ती बैलगाडीनं यायची, आणि येताना पोरांना लाल चिंचा आणायची, असं आत्या सांगते. मग 1947-48 ची रझाकारांची धामधूम आली, ये-जा तुटली. 1948 ला निजामाचं राज्यही गेलं आणि अक्कलकोट संस्थानही विलीन झालं. पुन्हा ये-जा सुरू व्हायची तर 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली, गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, अफजलपूर तिकडे, अक्कलकोट इकडे. तिकडच्या पोरांची शाळा कन्नड, इकडच्यांची मराठी. पुढच्या पिढीला एकमेकांची पत्रं वाचता येईनात.

सीमाप्रश्नावर आपण किती बोलतो! महाजन आयोगानं 1967 साली काय दिलं, 2022 च्या अखेरीला कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटवर कसा हक्क सांगितला, त्यावर इथं कशी निदर्शनं झाली. पण त्या सीमेच्या दोन्ही अंगाला आपल्याच लेकी नांदताहेत, हे कुठल्याच बाजूच्या भाषणात येत नाही. आणि यायचं कसं? आडनावाची वंशावळ घेतली तर आमचं घराणं सोळा आणे मराठी दिसतं. लेकींची घेतली की त्यात कन्नड घरं येतात, हैदराबादेत दिलेली एक आहे तिच्याकडून तेलुगू येतं. सोलापूर शहर रस्त्यावर जसं दिसतं, तीन-चार भाषा एका गल्लीत, तसंच आमचं घराणंही आहे. कागदावर तेवढं ते दिसत नव्हतं. म्हणून मी हा घरगुती प्रश्न मानत नाही. आडनावाच्या संमेलनातून जातीचा आणि भाषेचा अभिमान फार लवकर उगवतो. निवडणूक जवळ असली तर मंचावर उमेदवारही येऊन बसतो. लेकींच्या बाजूनं माणसं मोजायला घेतली तर 'आपले' कोण, हा प्रश्न इतका सोपा राहत नाही.

लेकींची नावं नकोत, यामागं आणखी दोन गोष्टी असतात आणि त्या कुणी बोलून दाखवत नाही.

एक म्हणजे ज्या मुलींनी जातीबाहेर लग्नं केली त्या. आमच्या घराण्यात अशी दोन मुलग्यांची आणि तीन मुलींची लग्नं झालीत. मुलगे फ्लेक्सवर होते. त्यांच्या बायका संमेलनात मिरवल्या, त्यांचं कौतुकही झालं. मुलींना बोलावणंच नव्हतं. सगळ्याच लेकी वगळल्या की या तीन वगळल्याचं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. महाराष्ट्रानं 1994 साली, 22 जून 1994 च्या आधी लग्न न झालेल्या मुलींना, वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीनं तो सगळ्याच मुलींना आला. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या त्यातून वगळल्या. तरीही 2005 साली वडील हयात असायला हवेत की नको, यावर वाद चालत राहिले, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की वडील हयात असोत वा नसोत, हक्क जन्मानंच आहे. कायदा इतका स्वच्छ आहे. आणि आमच्या संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझ्या एका चुलतबहिणीला तिच्या भावांनी थेट दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं. आलीच आहेस तर हक्कसोडपत्रावर सही करून जा. आदल्या दिवशी त्याच भावांनी मंचावर तिची ओटी भरली होती. तिनं सही केली. मला म्हणाली, "माहेर तुटायला नको." तिनं जमीन सोडली याचं मला दुःख नाही, तो तिचा निर्णय. भेटीची ओढ लावून बोलवायचं आणि त्या ओलाव्यात सही घ्यायची, हे मला लागलं. संमेलन भरवणाऱ्या प्रत्येक घराण्यानं एक नियम करावा: त्या भेटीत, त्या प्रवासात जमिनीचा एकही कागद पुढं करायचा नाही. वाटणीचं बोलायचं तर वेगळ्या दिवशी, आधी सांगून, बहिणीला तिचा वकील आणायची मोकळीक देऊन.

माझ्या भावाचा आक्षेप प्रामाणिक होता, तो इथं मांडायला हवा. तो म्हणाला, "आक्का, लेकींची पोरं, त्यांची पोरं, असं धरत गेलो तर निम्मा जिल्हा येईल. थांबायचं कुठं?" बरोबर आहे. मी त्याला सांगितलं, लेक स्वतः आणि तिची मुलं, इथं थांब. नावापुढं सासरचं गाव लिही, माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिही. आत आलेल्या सुनेचं नाव, तिचं माहेरचं आडनाव आणि गाव लिही. पुढचं तिच्या मुलांनी त्यांच्या वहीत लिहावं. एवढं केलं तरी ज्या कुणाला पुढं जायचं असेल त्याला वाट सापडते. तो म्हणाला, "मग फ्लेक्सवर मावायचं नाही." मी म्हटलं, "मग वही कर. फ्लेक्स करूच नको." त्याला ते पटायला वर्ष लागलं, पण पटलं. आता 41 लेकींची पानं त्याच्याच अक्षरात आहेत, आणि माझ्यापेक्षा तोच जास्त फोन करतो.

दिवसही बदलला. आमच्या पूर्व भागातल्या पद्मशाली मैत्रिणीकडे मी बघत आलेय. त्यांची माणसं विणकाम करत तेलंगणातून सोलापुरात आली, इथून पुढं भिवंडीला, सुरतेला गेली. पण नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा जमेल तो परत येतो, आणि त्याच दिवशी राखी असल्यामुळे लेकी आपसूक माहेरी असतात. त्यांना वेगळं बोलावणं लागत नाही. आम्ही येळवस धरली. मार्गशीर्षाच्या अमावस्येला आमच्याकडे सगळं घर शेतात जेवायला जातं. कार्यालयाचं भाडं नाही, मंच नाही, त्यामुळे सत्कारही नाहीत. ज्वारीच्या रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप केली, आत पाच दगड मांडून पांडव पुजले. भज्जी, उंडे, आंबील करायला तिन्ही वाटण्यांच्या घरातल्या बायका आणि या खेपेला पुरुषही आदल्या रात्री एका चुलीला जमले. त्या तीन मुलींपैकी दोघी आल्या, नवरे-मुलांसकट. तिसरी आली नाही. तिच्या आईनं तिच्यासाठी डबा भरून ठेवला आणि मी तो सोलापूरला पोचवला.

आत्याला गाडीतून बांधापर्यंत आणलं. जेवणं झाल्यावर भावानं वही उघडून लेकींची पानं मोठ्यानं वाचली, माहेरच्या नावानं. आत्याचं नाव आलं तेव्हा पोरांना कळेना की हे कोण. आत्यानं हात वर केला.

एका पानावर अजून नाव नाही. वर 'मोगलाईतली आक्का' एवढंच लिहिलंय, खाली भावानं जागा सोडली आहे. अफजलपूर तालुक्यात भीमेकाठच्या दोन गावांत आम्ही जाऊन आलो, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं, आळंदलाही विचारणार आहोत. तिकडच्या एखाद्या घरात आजी-पणजी अक्कलकोटकडची होती, कन्नड बोलता बोलता दळताना मराठी ओव्या म्हणायची, बैलगाडीनं माहेरी जाताना लाल चिंचा घेऊन जायची आणि मग एकदा गेली ती पुन्हा तिला जाताच आलं नाही, असं कुणाला सांगितलेलं आठवत असेल, तर ती बहुतेक आमची आहे. आत्या यंदा 86 ला लागली. मी गेले की ती आधी तेच विचारते.